अठ्ठावीस दिवसांचा महिना कोणी ठरवला?

‘जय भीम साहेब, ओटीपी येत नाही.’ शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपायला आठ दिवस उरले असताना आमच्या वस्तीतील एक विद्यार्थी ही तक्रार घेऊन आमच्या दारात उभा राहिला. आम्ही वकिली करतो, मोबाईल दुरुस्त करीत नाही. म्हणून प्रथम आम्हाला थोडा रागच आला. परंतु त्याची हकीकत ऐकल्यावर राग दुसरीकडे वळला.

मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. त्याच्या आधारला जोडलेला नंबर वडिलांचा. वडील गवंडी, पुण्याकडे कामाला, हातात बटणाचा साधा फोन. पहिल्या वर्षीचा अर्ज भरला तेव्हा तो नंबर चालू होता. मागच्या पावसाळ्यात दोन महिने काम बंद पडले. घरात धान्य आणायचे की फोनमध्ये पैसे टाकायचे, असा प्रश्न असेल तर माणूस धान्यच आणतो. रिचार्ज राहिला. आधी आउटगोइंग गेले, मग इनकमिंग गेले आणि काही महिन्यांनी नंबरच गेला. वडिलांनी नाक्यावर छत्री लावून बसलेल्या पोराकडून दुसरे सीमकार्ड घेतले आणि जुन्या नंबरचा विषय त्यांच्या दृष्टीने संपला. तो संपलेला नव्हता, हे महाडीबीटीच्या पोर्टलवर आधार क्रमांक टाकल्यावर कळले. ओटीपी जात होता. पण ज्याच्या हातात आता तो नंबर आहे त्या अनोळखी माणसाकडे जात होता.

आम्ही या लेखात कोणत्याही एका कंपनीवर फिर्याद दाखल करीत नाही. फिर्याद दाखल करायची तर ती सर्वांवर करावी लागेल. आमचा मुद्दा साधा आहे. जो माणूस फोनवर फारसा बोलत नाही, ज्याला नेट लागत नाही, ज्याला फक्त ‘कोणाचा फोन आला तर तो यावा’ एवढेच हवे आहे, त्या माणसाकडून आज त्या एवढ्याशा गोष्टीचे सर्वांत जड दाम घेतले जाते. आणि ही गोष्ट एके काळी फुकट होती.

थोडे मागे जाऊ. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना देशातील पहिला मोबाईल कॉल केला. त्या काळात बोलणाऱ्यालाही पैसे पडत आणि ऐकणाऱ्यालाही पडत. मोबाईल ही बिल्डर, डॉक्टर आणि पुढाऱ्यांच्या कमरेला लटकणारी वस्तू होती. मे २००३ पासून कॉल करणाऱ्यानेच पैसे द्यायचे, ही पद्धत लागू झाली. इनकमिंग फुकट झाले. कष्टकऱ्याच्या खिशात मोबाईल आला तो त्यानंतर. हातगाडीवाला, रंगारी, प्लंबर, घरकाम करणारी बाई, या सर्वांनी फोन घेतला तो बोलण्यासाठी नव्हे, तर कामाचा निरोप यावा म्हणून. आपण कोणाला फोन केला नाही तरी चालेल, पण मुकादमाचा फोन आला पाहिजे.

ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना मिस्ड कॉलची भाषा आठवत असेल. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन रिंग म्हणजे खाली ये, तीन रिंग म्हणजे खरेच महत्त्वाचे आहे, तू लाव. आमच्या कार्यकर्त्यांनी कितीतरी मोर्चे आणि धरणे या रिंगांवर उभी केली आहेत. एखादा उत्साही कार्यकर्ता चुकून फोन उचलायचा आणि समोरचा ओरडायचा, ‘अरे उचलू नको, बॅलन्स जातो!’ पानटपरीवर दहा रुपयांचा रिचार्ज मिळायचा. दहाच्या दहा रुपयांचे बोलणे कधीच मिळाले नाही, आजही मिळत नाही. १८ टक्के जीएसटी आणि कंपनीची प्रक्रिया फी गेल्यावर हातात ७ रुपये ४७ पैसे पडतात. तरीसुद्धा दहा रुपयांत माणूस आठवडा काढीत असे. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला आणि नंतर इतरांनाही तो आणावा लागला, तेव्हा तर लोक सेकंद मोजून बोलायला शिकले.

तो काळ काही सोन्याचा नव्हता. लबाडी तेव्हाही होती. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या मराठवाडा-विदर्भातल्या माणसाला ती चांगली ठाऊक आहे. दूरसंचाराच्या नकाशावर मुंबई हे वेगळे सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा हे वेगळे. राज्य एक, पण कसारा घाट उतरून कल्याण जवळ आले की फोनवर रोमिंगचा मेसेज यायचा. गर्दीत चुकलेल्या बायकोला शोधण्यासाठी आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जायचे. शिवाजी पार्कवर ‘माझा बॅलन्स संपला, तुमच्या फोनवरून एक फोन लावू द्या’ म्हणणारी माणसे आम्ही दरवर्षी पाहिली. आणि ती कॉलर ट्यून! कोणी मागितली नाही, कोणी होकार दिला नाही, तरी तीस रुपये गेले. चुकून एखादे बटण दाबले गेले की क्रिकेटचे स्कोअर, राशिभविष्य, विनोद, सर्व काही सुरू. आमच्या आईच्या फोनवर एकदा ‘लव्ह टिप्स’ सुरू झाल्या होत्या. तिला वाचता येत नाही, ही गोष्ट कंपनीला कोण सांगणार? ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०११ आणि २०१३ मध्ये आदेश काढून अशा सेवांसाठी ग्राहकाची दुहेरी संमती सक्तीची केली, १५५२२३ हा बंद करण्याचा क्रमांक दिला, तेव्हा कुठे ही पाकीटमारी आटोक्यात आली.

परंतु त्या काळात एक गोष्ट होती. गरीब माणूस आपल्याला परवडेल तेवढेच विकत घेऊ शकत होता. पैसे नसले तर तो फोन करीत नसे, एवढेच. त्याला फोन करणाऱ्याचा रस्ता बंद होत नसे.

हा रस्ता बंद झाला २०१८ च्या शेवटी. त्याआधी, २००५ च्या अखेरीपासून, कंपन्यांनी ‘लाईफटाइम’ नावाची योजना विकली होती. ९९९ रुपये एकदा भरा आणि आयुष्यभर इनकमिंग घ्या. आमच्या वस्तीत लोकांनी पतसंस्थेतून पैसे काढून हे कार्ड घेतले. आयुष्यभर म्हणजे कोणाच्या आयुष्यभर, हे बारीक अक्षरात होते. ते ग्राहकाचे आयुष्य नव्हते, कंपनीच्या परवान्याचे होते. वकील म्हणून आम्हाला या शब्दयोजनेचे कौतुक वाटते आणि माणूस म्हणून चीड येते. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आले, फुकटाचा पूर आला, लहान कंपन्या त्यात वाहून गेल्या, व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सुमारास एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या कंपन्यांनी सांगितले की, दर २८ दिवसांनी किमान ३५ रुपयांचा रिचार्ज मारा, नाहीतर आधी आउटगोइंग बंद, नंतर इनकमिंगही बंद. लाईफटाइमवाल्यांनाही यातून सूट नव्हती. खात्यात शिल्लक असलेल्यांचे काय, अशी विचारणा ट्रायने केली. पण किमान रिचार्जची पद्धत कायम राहिली.

३५ रुपये ही रक्कम तेव्हा कोणाला फार वाटली नाही. इथेच आम्ही सर्वजण फसलो. रक्कम महत्त्वाची नव्हतीच, तत्त्व महत्त्वाचे होते. इनकमिंगला किंमत लागली, हे एकदा मान्य झाल्यावर ती किंमत वाढवणे हा फक्त वेळेचा प्रश्न उरला. एअरटेलचाच हिशेब पाहा. २०१९ च्या डिसेंबरात किमान रिचार्ज ४५ रुपये, २०२१ च्या जुलैत ७९, त्याच वर्षी नोव्हेंबरात ९९, आणि २०२३ च्या सुरुवातीला राज्यामागून राज्य करीत १५५. त्यातही १५५ ला दिवस २४ च! पुढे १७९ आणि जुलै २०२४ च्या दरवाढीत १९९. त्याच दरवाढीत जिओचा १५५ चा प्लॅन १८९ झाला. सहा वर्षांपूर्वी ३५ रुपयांत जिवंत राहणाऱ्या फोनला १९९ रुपये लागू लागले. या सहा वर्षांत नाक्यावरच्या मजुराची मजुरी पाचपट झाली काय?

कंपन्यांची बाजू आम्हाला ठाऊक आहे, आणि ती सर्वस्वी खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. स्पेक्ट्रमला प्रचंड पैसा लागतो, टॉवरला लागतो, आणि १९९ रुपयांत हवे तितके बोलता येते. जो दिवसभर बोलतो, त्याच्यासाठी हा दर खरोखरच स्वस्त आहे. एअरटेलच्या धुरिणांनी तर एका ग्राहकामागे सरासरी महिना ३०० रुपये मिळाले पाहिजेत, असे उघडपणे सांगितले आहे. पण वाण्याकडे पाव किलो साखर मागायला गेलेल्या बाईला त्याने सांगितले की, पाच किलोची पिशवी घ्या, किलोमागे स्वस्त पडते, आणि पाव किलो आम्ही आता विकत नाही. तर ती बाई काय करील? ती त्या दिवशी चहा बिनसाखरेचा करील. फोनच्या बाबतीत तेही करता येत नाही.

आमच्या नात्यातील एक आजी गावी राहते. वय सत्तरच्या पुढे. तिला नंबर लावता येत नाही. हिरवे बटण दाबायचे एवढेच तिला येते. मुंबईची मुलगी रविवारी सकाळी फोन करते. आजी महिन्यात चार वेळा बोलते, तेही दुसऱ्याच्या पैशाने. या चार फोनांसाठी तिला दर २८ दिवसांनी दोनशेच्या घरात पैसे मोजावे लागतात. म्हणजे मे २००३ मध्ये ज्या इनकमिंगचे पैसे बंद झाले, तेच मागच्या दाराने परत आले आहेत. फरक एवढाच की, तेव्हा जितके ऐकले तितके पैसे पडत, आता एक शब्द न ऐकताही पडतात.

घरोघरी आणखी एक गोष्ट घडली आहे, तिची चर्चा कोठेच होत नाही. जुलै २०२४ नंतर ज्या घरात तीन फोन होते तिथे दोनच चालू राहिले. बंद पडलेला तिसरा फोन कोणाचा? आम्ही वस्तीत विचारत फिरलो तेव्हा बहुतेक घरांत उत्तर एकच होते. बाईचा. नवऱ्याला कामासाठी लागतो, मुलाला कॉलेजसाठी लागतो, ‘तिला काय करायचाय?’ तिच्याच नंबरवर रेशन कार्ड, बचत गटाचे खाते आणि लाडक्या बहिणीचे पैसे जोडलेले असतात, हे २०२५ मध्ये ई-केवायसीची धावपळ सुरू झाली तेव्हा नवऱ्यांच्या ध्यानात आले. या बाबतीत कंपनीला दोष देऊन आपल्याला सुटता येणार नाही. समतेची भाषणे करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या घरातही रिचार्जचा क्रम तोच आहे, हे आम्ही कबूल करतो.

आता अठ्ठावीस दिवसांकडे येऊ. पगार महिन्याने मिळतो, भाडे महिन्याने द्यावे लागते, विजेचे बिल महिन्याने येते. मग रिचार्जचाच महिना अठ्ठावीस दिवसांचा का? कारण अठ्ठावीसला तेराने गुणले की ३६४ होतात. वर्षाचे पगार बारा आणि रिचार्ज तेरा. १९९ च्या हिशेबाने वर्षाला २,५८७ रुपये, त्यातील शेवटचे १९९ हे निव्वळ कॅलेंडरच्या कृपेने. याविरुद्ध ओरड झाल्यावर ट्रायने २७ जानेवारी २०२२ रोजी आदेश काढला. प्रत्येक कंपनीने किमान एक योजना तीस दिवसांची आणि एक योजना दर महिन्याच्या त्याच तारखेला नवी होणारी ठेवली पाहिजे. ‘किमान एक’ या शब्दांत सर्व मेख आहे. कंपन्यांनी एकेक ठेवली. सर्वांत स्वस्त योजना अठ्ठावीस दिवसांचीच राहिली. आम्ही कोर्टासमोरच्या टपरीवर मुद्दाम विचारले, ‘तीस दिवसांचा आहे का हो?’ टपरीवाला म्हणाला, ‘असेल वकीलसाहेब, पण कोणी मागत नाही.’ जे आहे हेच कोणाला माहीत नाही, ते मागणार कोण?

दुसरी लढाई नेट नको असलेल्यांची. देशात सुमारे १५ कोटी लोक अजून साधा फोन वापरतात, असे ट्रायनेच नमूद केले आहे. त्यांनी डेटाचे पैसे का भरावेत? २३ डिसेंबर २०२४ रोजी ट्रायने नियम दुरुस्त करून, फक्त बोलणे आणि एसएमएस यांसाठी स्वतंत्र व्हाउचर ठेवण्याची सक्ती केली. आम्हाला आनंद झाला. जानेवारी २०२५ मध्ये व्हाउचर बाजारात आले आणि आनंद मावळला. एअरटेलचे ४६९ रुपयांचे ८४ दिवसांसाठी, आणि १,८४९ रुपयांचे वर्षासाठी. जिओचे ४४८ रुपयांचे ८४ दिवसांसाठी, आणि १,७४८ रुपयांचे ३३६ दिवसांसाठी. महिन्याचे मात्र नाही! एअरटेलचाच हिशेब केला तर वर्षाचे पैसे एकरकमी भरणाऱ्याला २८ दिवस साधारण १४२ रुपयांना पडतात, तीन महिन्यांचे भरणाऱ्याला १५६ ला, आणि ज्याच्या खिशात एका महिन्यापुरतेच पैसे आहेत त्याला १९९ ला. त्याला थोडा डेटा मिळतो हे खरे, पण बटणाच्या फोनवर त्या डेटाचे तो करणार काय? ज्या वर्गासाठी नियम केला, त्याच वर्गाला तो नियम घेता येत नाही, अशी ही अंमलबजावणी आहे. रोजंदारीवरचा माणूस १,८४९ रुपये एकदम कोठून आणील, हा प्रश्न नियम लिहिणाऱ्यांच्या टेबलावर आला नसेल काय?

नियमात एक तरतूद गरिबाच्या बाजूची आहे, ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. २०१३ पासूनचा नियम असा की, प्रीपेड नंबर वापरात नाही म्हणून ९० दिवसांच्या आत बंद करता येत नाही. आणि खात्यात २० रुपये वा अधिक शिल्लक असेल तर त्यातून २० रुपये कापून तो आणखी ३० दिवस जिवंत ठेवायचा. परंतु हा नियम नंबर कोणाच्या नावावर राहील याचा आहे. रिचार्ज संपल्यावर त्या नंबरवर फोन येत राहतील, याची हमी त्यात नाही. नंबर जिवंत पण मुका! बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, असे ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. नव्वद दिवसांनंतर मात्र तो दिला जाऊ शकतो, आणि त्याला जोडलेली आधार, बँक, शिष्यवृत्ती ही सर्व दारे आपोआप तुटत नाहीत. ती एकेक करून ज्याची त्याने तोडायची.

नंबर दुसऱ्या कंपनीत नेण्याची सोय जानेवारी २०११ पासून देशभर आहे. त्यासाठी १९०० ला एसएमएस पाठवावा लागतो. कमी पैशांच्या प्लॅनमध्ये एसएमएसच नसे, म्हणजे ज्याला जायचे आहे त्याच्याच पायात बेडी. ७ डिसेंबर २०२१ रोजी ट्रायने निर्देश दिले की, प्लॅन कोणताही असो, हा एसएमएस जाऊ दिलाच पाहिजे. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर लाखो लोक बीएसएनएलकडे गेले, आमच्या वस्तीतूनही गेले. त्यातील काही टॉवरच्या शोधात गच्चीवर चढून बोलू लागले, आणि काही परत आले.

राहिला दाद मागण्याचा प्रश्न. ट्राय वैयक्तिक तक्रार घेत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जायचे, डॉकेट नंबर घ्यायचा, समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जायचे. म्हणजे आरोपीच्या घरी पंचायत! ग्राहक मंचाचा रस्ता तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने बंद झाल्यासारखाच होता. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातील लवादाचे कलम दाखवून कंपन्यांचे वकील आमच्या तक्रारी दारातच फेकून देत. आम्ही स्वतः अशा तीन तक्रारी हरलो आहोत. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी, व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजय कुमार अग्रवाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा अडसर काढला आणि दूरसंचार ग्राहकाला ग्राहक आयोगाकडे जाता येते, हे स्पष्ट केले. नव्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही ग्राहक संरक्षण कायद्याखालचा हक्क अबाधित ठेवलेला आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला आयोगात फी लागत नाही. तेव्हा बांधवांनो, तीस रुपयांसाठी कोण भांडणार, असे म्हणू नका. रिचार्जचे मेसेज पुसू नका, डॉकेट नंबर वहीत लिहा, तारीख लिहा. जून महिन्यापासून दर रविवारी आम्ही विहारात एक वही घेऊन बसतो. कोणाचा नंबर कधी गेला, त्याला काय काय जोडलेले होते, तेवढेच लिहून घेतो. आजवर ६३ नोंदी झाल्या आहेत. शंभर झाल्या की ट्रायकडे निवेदन जाईल. मागणी एकच असेल: फक्त इनकमिंग चालू ठेवणारे, तीन महिने टिकणारे आणि दिवसाच्या मजुरीचा छोटा तुकडा मोडून घेता येईल असे व्हाउचर. दर ठरविण्याचे अधिकार ट्राय कायद्याच्या कलम ११ मध्ये आहेत. ते वापरायचे नाहीत, असे धोरण ट्रायने गेली वीसेक वर्षे स्वीकारलेले आहे, अधिकार गेलेले नाहीत.

त्या मुलाचे काय झाले, हे सांगायचे राहिले. आधार केंद्रावर दोन खेपा, एक दिवस सर्व्हर बंद, दुसऱ्या दिवशी नंबर बदलला, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी रात्री अर्ज गेला. तत्पूर्वी आम्ही सहज म्हणून त्याच्या वडिलांच्या जुन्या नंबरवर फोन लावून पाहिला. पलीकडे कोणीतरी सभ्य गृहस्थ होते, आवाजावरून वयस्कर. आम्ही सर्व सांगितले. ते म्हणाले, ‘बरे झाले फोन केलात. तुमच्या त्या गवंडीबुवांच्या बँकेचे मेसेज मला येतात. मी पुसत नाही, ठेवलेत. पण साहेब, माझाही जुना नंबर असाच गेला. तो कोणाकडे आहे, ते कसे शोधायचे?’